शॅमेलिऑनसाठी पिंजरा: काच, जाळी की दोन्ही मिळून? (सांगली-सातारावाल्यांनी सांगा)

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर राहतो. व्हेल्ड शॅमेलिऑनचं (रंग बदलणारा परदेशी सरडा) एक नर पिल्लू घ्यायचं ठरवलंय, ब्रीडरशी बोलणं झालंय, कागदपत्रं देतो म्हणालाय. प्राणी अजून आणलेला नाही. आधी पिंजरा उभा करायचा, आठ-पंधरा दिवस रिकामाच चालवून तापमान बघायचं आणि मगच आणायचा असं डोक्यात आहे. आता गाडं इथं अडलंय की दुकानदार म्हणतो काचेचा टँक घ्या, दीड बाय दीड फूट आणि दोन फूट उंच, तयार आहे, लगेच मिळेल. अमेरिकेतले सगळे व्हिडिओ म्हणतात काच अजिबात नको, फक्त जाळी. जर्मनीतले लोक वर्षानुवर्षं काचेतच ठेवतात. आणि आपली हवा बघाल तर एप्रिलमध्ये पारा ४० च्या घरात, दुपारी नाक कोरडं पडतं, जुलैत कपडे वाळत नाहीत, डिसेंबरात पहाटे स्वेटर. मग ऐकायचं कुणाचं? ज्यांनी आपल्याच भागात ठेवलाय त्यांनी सांगावं, ही विनंती.

सागरेश्वर_भटक्या
आधी एक सांगा. रानातला आपला घोयरा सरडा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, नाही ना? तसं असेल तर पिंजऱ्याची चर्चा इथंच थांबवू.

विश्रामबागकर
नाही हो दादा. व्हेल्ड, म्हणजे येमेन आणि सौदीच्या डोंगरातला. पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू आहे.

सागरेश्वर_भटक्या
मग ठीक. विचारायचं कारण, पावसाळा सरला की आटपाडी, जत, माण-खटावच्या रस्त्यांवर घोयरे दिसायला लागतात आणि पोरं उचलून घरी नेतात. घोयरा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, सगळं गुन्ह्यात येतं. विषारी नाही, चावलाच तर चिमटा बसेल एवढंच, तरी लोक घाबरून दगड घालतात. जखमी सापडला तर वनखात्याला १९२६ वर फोन करा. शिराळ्याच्या नागपंचमीमुळं आपल्या जिल्ह्यात नागाचा कायदा पोरासोरांना पाठ आहे, घोयऱ्याचा कुणालाच नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी लिहितो.

आणि परदेशी असला म्हणजे मोकळं रान असं समजू नका. याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनं साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) यादीतले प्राणी चौथ्या परिशिष्टात आले, व्हेल्ड आणि पँथर शॅमेलिऑन दोन्ही त्यात येतात. २०२४ च्या नियमांप्रमाणं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ब्रीडरच्या नावावरची नोंद बघा आणि तुमच्या नावावर हस्तांतर करून घ्या. नुसती पावती म्हणजे कागदपत्र नव्हे.

मेढ्याचा_पाऊस
मी जावळीत राहतो, माझ्याकडं पँथर शॅमेलिऑन आहे, मादागास्करचा. आमच्याकडं उत्तर सरळ आहे, जाळी. जून ते सप्टेंबर हवा एवढी ओली की भिंतीला पाणी सुटतं. अशा हवेत काचेचा डबा म्हणजे बुरशीचं घर. रात्रभर पानावरचं पाणी वाळत नाही, हवा हलत नाही, थंडी असते, आणि मग छातीचा संसर्ग. तोंड उघडं ठेवून मान वर करून बसायला लागला की समजायचं श्वास घ्यायला त्रास होतोय. मी चारी बाजू अॅल्युमिनियम जाळी, दोन बाय दोन फूट आणि चार फूट उंच वापरतो. दीड फुटाचा टँक कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. हा प्राणी झाडावरचा, त्याला उंची पाहिजे. वर ऊन, खाली सावली, मधे लपायला पालवी, स्वतःच्या मनानं वरखाली करता आलं पाहिजे. दोन फुटात वर दिवा लावला की तळापर्यंत सगळंच तापतं, मग तो गार व्हायला जाणार कुठं?

माणदेशी_गडी
मेढ्याच्या दादांचं त्यांच्यापुरतं बरोबर हाय, पण त्यांचा पाऊस आन आमचा पाऊस एक नव्हं. आमच्याकडं चारी बाजू जाळी केली आन वरनं दिवसातनं कितीबी पाणी मारलं तरी दहा मिनिटांत पानं खडखडीत. वर पंखा चालू आसंल तर इचारूच नगा. माझ्या पुतण्यानं व्हेल्ड ठेवलाय. आम्ही तीन बाजूंनी पीव्हीसी फोमशीट लावली, जी मॉड्युलर किचनवाले वापरतात ती, आन दार आन वरचं छत जाळीचं. तवापास्नं ओल टिकती. विश्रामबागकर, सांगलीची हवा आमच्यासारखी कोरडी बी नाय आन मेढ्यासारखी ओली बी नाय. तुमी मधलं करा.

मेढ्याचा_पाऊस
माणदेशी, मान्य. पण तीन बाजू बंद केल्यावर खाली हवा शिरायला फट ठेवलीय का? ती नसेल तर छत जाळीचं असूनसुद्धा तळाची हवा साचते.

माणदेशी_गडी
व्हय व्हय, दाराखाली चार बोटं जाळीची पट्टी हाय.

कुपवाड_फॅब्रिकेटर
ह्या पट्टीवरच सगळा खेळ आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी अॅल्युमिनियम सेक्शनचं काम करतो, सरड्यांचे पिंजरे पण करून दिलेत. जर्मनीवाले काचेत ठेवतात ते मत्स्यालयाच्या टाकीत नाही. त्यांच्या टेरेरियमला समोर खालच्या बाजूला जाळीची पट्टी असते आणि छत जाळीचं. वरचा दिवा हवा तापवतो, तापलेली हवा छतातून निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या पट्टीतून ताजी हवा ओढली जाते. चुलीवरचं धुराडं चालतं तसंच. दुकानातल्या बऱ्याच टँकना खालची पट्टी नसते, वर नुसतं झाकण, त्यात हे होत नाही. शिवाय त्यांची घरं गार आणि हीटर लावलेली असतात, काचेनं ऊब धरून ठेवावी ही त्यांची गरज. आपली गरज एप्रिल-मेमध्ये बरोबर उलटी. म्हणजे काच चांगली की जाळी चांगली हा वादच अर्धवट आहे, पिंजरा कुठल्या खोलीत राहणार ते आधी सांगा.

जाळीचं म्हणाल तर नायलॉन किंवा फायबरची मच्छरजाळी नको. खाऊ म्हणून सोडलेले क्रिकेट किडे (रातकिडे) ती कुरतडतात आणि घरभर होतात, शिवाय सरड्याची नखं अडकतात. गंजणारी लोखंडी नको, बाहेर तारेची टोकं आलेली तर अजिबात नको. पावडर कोटिंग केलेली अॅल्युमिनियम जाळी घ्या, कडा सेक्शनच्या आत दाबून घ्यायला सांगा.

आजीचं_घर_वाई
आमच्या वाईच्या घरात जुनं जाळीचं कपाट आहे, पूर्वी दूध-दही ठेवायचे ते. सागवानी, तिन्ही बाजूला जाळी, चार पाय. मधले कप्पे काढले तर चालेल का हो? फेकवत नाही.

कुपवाड_फॅब्रिकेटर
ताई, कपाट सुंदर असणार यात शंका नाही. पण तीन अडचणी. एक, खोली कमी असते, फूटभर, सरड्याला वळायला जागा नाही. दोन, जुना ऑइलपेंट, पाणी आणि दिव्याच्या उष्णतेनं पोपडे सुटतील. तीन, छत लाकडाचं असतं, आणि अतिनील दिवा छतावरून आत यायला हवा. जाळी आणि छत बदललं, रंग खरवडला तर होईल, पण मग जुनं काय उरलं?

मिरजेची_ताई
त्या कपाटाची एक गोष्ट मात्र घ्या, पायाखालच्या पाण्याच्या वाट्या! आमच्या पिंजऱ्याला लाल मुंग्या लागल्या होत्या. किडे आत मरून पडतात, वासानं मुंग्या येतात, आणि शॅमेलिऑन झोपेत असला की त्याला पळता येत नाही. स्टँडचे चारी पाय वाट्यांत ठेवले, दर दोन दिवसांनी पाणी बदलते (डेंग्यूचे डास नकोत), मुंग्या बंद.

विश्रामबागकर
वा, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. अतिनील दिव्याबद्दल कुणी सांगेल का? आमच्या हॉलला पूर्वेची मोठी काचेची खिडकी आहे, सकाळी भरपूर ऊन येतं. तिथंच ठेवला तर दिव्याचा खर्च वाचेल का?

मिरजेची_ताई
नाही वाचणार. खिडकीच्या काचेतून ऊन येतं, उष्णता येते, पण यूव्हीबी हे अतिनील किरण जवळजवळ सगळे अडतात. ते नाहीत तर अंगात ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम लागत नाही आणि हाडं मऊ पडतात. पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, फांदी धरता येत नाही. हे पुस्तकातलं नाही, आमच्या ओळखीत एकाकडं पाहिलंय, आणि एकदा वाकलेलं हाड सरळ होत नाही. टी५ एचओ प्रकारची यूव्हीबी नळी घ्या, ५ किंवा ६ टक्क्यांची, पिंजऱ्याच्या रुंदीएवढी लांब. छताच्या जाळीवर ठेवायची आणि सगळ्यात वरची फांदी तिच्याखाली सहा ते नऊ इंचावर. नळी उजेड देत राहते पण यूव्हीबी हळूहळू उतरतं, म्हणून वर्षाला बदलायची. ऊन शेकायला वेगळा साधा बल्ब, तोही पिंजऱ्याच्या बाहेर. आत लावला तर हा प्राणी थेट त्याला जाऊन बिलगतो आणि भाजून घेतो. पिल्लाला फांदीवर २८-२९ अंश पुरे, मोठ्या नराला ३१-३२. रात्री सगळं बंद, लाल दिवा बिवा काही नको, त्याला काळोखच लागतो.

मेढ्याचा_पाऊस
ताईंच्या म्हणण्यात भर. मे महिन्यात सांगलीत खोलीच ३५-३६ ला पोचते, तेव्हा शेकायचा बल्ब बंदच ठेवा, फक्त नळी. आणि खिडकीत बंद पिंजरा ठेवला तर उन्हानं आत किती तापेल याचा नेम नाही, त्यातून जीव जातो. सकाळी थोडा वेळ गॅलरीत खरं ऊन द्या, जाळीच्याच पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, आणि कुणीतरी शेजारी बसून. कावळे आणि मांजरं दोन्ही टपलेले असतात.

तासगाव_बागायतदार
पाण्याचा विषय कुणी काढला नाही म्हणून मी काढतो. वाटीतलं पाणी हा प्राणी सहसा पीत नाही, त्याला पानावर हलणारे थेंब दिसावे लागतात. मिस्टिंगची (बारीक तुषार फवारायची) तयार मशीन महाग पडते. आपल्याकडं ठिबकच्या दुकानात फॉगर नोझल, मायक्रोट्यूब, टी, एंडकॅप सगळं मिळतं, आणि पंप म्हणून आरओ फिल्टरचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप लावायचा. टायमर लावला की झालं. मी भाच्याला असंच करून दिलंय.

फक्त दोन गोष्टी हात जोडून सांगतो. बागेत वापरलेला पंप, नळी, नोझल काहीही घेऊ नका, कितीही धुतलं तरी औषधाचा अंश राहतो. आणि द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फांद्या म्हणून आत घालू नका. दिसायला झकास वाकड्यातिकड्या असतात, पण एका हंगामात त्यांच्यावर किती फवारण्या होतात ते आम्हाला विचारा. परड्यातल्या पेरूची फांदी घ्या, फवारा नसलेली. शेतातले टोळ, नाकतोडे पण ह्याच कारणानं नकोत.

सदरबझार_सातारा
बोअरच्या पाण्यानं नोझल चोक होतात आणि पानांवर, जाळीवर पांढरे डाग पडतात. आरओचं पाणीच वापरा.

गणपती_पेठ
चार फूट उंच पिंजरा, दिवे, पंप, टायमर... वहिनींना हॉलमधली जागा मागताना टीव्ही कुठं जाणार ते पण ठरवून ठेवा 😄

विश्रामबागकर
वहिनींनीच टीव्ही हलवायला सांगितलंय! लेक तर आत्तापासून त्याचा रंग कसा बदलतो विचारत असते.

सदरबझार_सातारा
लेकीला सांगा, कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये पँथरवर हे दाखवलं. आणि तो रंग बदलतो तो मुख्यतः मनःस्थिती, ऊन, थंडी आणि समोरचा प्रतिस्पर्धी यांच्यामुळं, लपण्यासाठीच असं नाही. पिंजऱ्याशी याचा संबंध आहे. दिवसभर काळपट, अंगावर गडद पट्टे, असं रोज दिसलं तर पिंजऱ्यात काहीतरी त्याला खुपतंय. बहुतेक वेळा पालवी कमी असते किंवा पिंजरा फार खाली ठेवलेला असतो. माणसं वरून वाकून बघायला लागली की त्याला शिकारी आल्यासारखं वाटतं. स्टँडवर चढवा, त्याची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर गेली पाहिजे.

हरिपूर_संगम
मला एक वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. हे सगळं वाचून एवढंच वाटलं की ज्या जीवाला हात लावलेला आवडत नाही, ज्याच्यासाठी ऊनवारापाऊस विकत आणावा लागतो, त्याला घरात आणायचंच कशाला? सागरेश्वर अभयारण्यात जा, पावसाळ्यानंतर नशीब असेल तर घोयरा दिसेल, त्याच्या झाडावर.

मिरजेची_ताई
राग कशाला दादा, हा प्रश्न प्रत्येकानं प्राणी आणण्याआधी स्वतःला विचारायलाच हवा. मी आणला तेव्हा माझी मादी होती, व्हेल्डच. मादीला नर नसला तरी अंडी होतात, आणि ती घालायला ओलसर मातीवाळूची खोल कुंडी नसली तर अंडी पोटातच अडकतात आणि जीव जातो. विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं, मी आधी वाचून फूटभर खोल बादली आत ठेवली म्हणून निभावलं. ज्याला एवढं वाचायचं नाही त्यानं आणूच नये, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण पिंजऱ्यात जन्मलेलं पिल्लू कुठंतरी जाणारच आहे, मग ते आधी पिंजरा बांधून मग आणणाऱ्या माणसाकडं गेलेलं बरं.

हरिपूर_संगम
पटलं अर्धं. उरलेल्या अर्ध्यासाठी एकच, हौस म्हणून दुसरा आणून त्याच पिंजऱ्यात सोडू नका.

सदरबझार_सातारा
अगदी. एका पिंजऱ्यात एकच. दुसरा नुसता दिसत राहिला तरी खाणं सोडतात.

कृष्णाकाठ
सांगलीकर म्हणून आणखी एक. विश्रामबागकर दुसऱ्या मजल्यावर आहेत म्हणून ठीक, पण तळमजल्यावाल्यांनी पिंजरा उचलून नेता येईल असाच करावा. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा लोकांना कुत्री-मांजरं, जनावरं कुठं न्यायची कळेना. आणि पूर आला नाही तरी वीज जाते. दुसऱ्या मजल्यावर पण जाते! पंप, दिवे बंद, तर हाताचा फवारा घरात असू द्या. नेण्यासाठी एक छोटा जाळीचा पिंजरा वेगळा ठेवा, दवाखान्यालाही तोच. सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणारा डॉक्टर आधी शोधून ठेवा, सगळ्यांना जमत नाही. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारलं तर कोण बघतं ते कळेल.

विश्रामबागकर
सगळ्यांचे मनापासून आभार. वाचून असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. टँक रद्द. दोन बाय दोन बाय चार फूट, अॅल्युमिनियम सेक्शन. मागची आणि दोन्ही बाजू फोमशीट, पुढचं दार आणि छत पावडर कोटेड जाळी, दाराखाली जाळीची पट्टी. दोन फुटी स्टँड, पायाखाली वाट्या. टी५ नळी आणि बल्ब वर. आरओ पंप, दोन नोझल, टायमर. झाडं: मनीप्लांट, जास्वंद, फायकस. खाली कोकोपीट घालायचं म्हणतोय. जागा खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात, पंख्याच्या थेट खाली नाही.

माणदेशी_गडी
बाजूच्या शीटा पक्क्या चिकटवू नगा, स्क्रूनं बसवा. पावसाळ्यात एक बाजू काढून तिथं जाळी लावता येईल. पुतण्यानं तसंच केलंय. जून लागला की एक शीट उतरवायची, नवरात्रानंतर परत चढवायची.

मेढ्याचा_पाऊस
हे सगळ्यात उत्तम. आता आमचं दोघांचं भांडण मिटलं.

तासगाव_बागायतदार
कोकोपीट नको. ओलं राहतं, बुरशी धरतं, किडे त्यात लपतात आणि जीभ मारताना तोंडात जातं. तळ मोकळा ठेवा. झाडं कुंडीतच ठेवा आणि मातीवर मोठे गोटे पसरा. नर्सरीतली झाडं आणल्या आणल्या आत नकोत, पानं धुवा, माती बदला, दोन महिने बाहेर ठेवा, तीही फवारलेली असतात. तेवढ्यात तुमचे कागद पण होतील. जास्वंदीची पानं-फुलं व्हेल्ड खातो, फायद्याचीच आहेत. कण्हेर, रुई, शेराच्या जातीचं काही आसपास पण नको.

विश्रामबागकर
मग मिस्टिंगचं पाणी जाणार कुठं? फरशीवर?

कुपवाड_फॅब्रिकेटर
तळाला फोमशीटचाच ट्रे करायचा, मागच्या कोपऱ्याकडं अर्धा इंच उतार, तिथं भोक पाडून बेसिनचं जाळीचं वेस्ट कपलिंग बसवायचं. खाली पाइप आणि स्टँडमध्ये पाच लिटरचा कॅन. पाइपचं तोंड कॅनच्या झाकणात घट्ट बसलं पाहिजे, म्हणजे डास नाही आणि वास नाही. ट्रेचे सांधे सिलिकॉननं भरायचे, वास पूर्ण जाईपर्यंत प्राणी आत नाही. आणि दार एक अखंड चार फुटी करू नका. खाली फूटभराचं वेगळं दार घ्या, साफसफाई तिथून, वरचं फक्त खाऊ घालायला आणि फांद्यांसाठी. रोज खाली पुसताना वरचं दार उघडलं की तो बिथरतो. रविवारी कुपवाडला या, माप आणि नळीची नेमकी लांबी घेऊन या, छताच्या पट्ट्या त्यावरच ठरतील.